मला न झालेली कावीळ

माझ्या मोठ्या जावेचा पाय मोडल्याचं कळलं, तेव्हा माझ्या मनात आलेलं पहिलं वाक्य होतं, 'यांचं बरं आहे.'

हे वाक्य मी फार दिवस कुणाला सांगितलं नाही. आता लिहून टाकते. आजारपणावर लिहायला बसायचं आणि मी किती सोसलं एवढंच सांगायचं, तर ते माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांसारखं होईल, छान अक्षरात आणि बिनकामाचं. मला नैराश्य झालं होतं आणि त्यातून मी बरी झाले. ज्यांच्या घरात सध्या कुणी भिंतीकडे तोंड करून पडलेलं आहे, किंवा जे स्वतःच तसे पडलेले आहेत, त्यांनी हे वाचावं. वाचताना मी चांगली बाई आहे असं मात्र समजू नये.

दोन गुणांची व्याख्या

मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. तेव्हा सतरा वर्षं झाली होती. मोबाईल यायच्या आधीची ही गोष्ट. मानसशास्त्रातल्या संज्ञा आणि त्यांचे अर्थ सांगणारी एक बारीक पुस्तिकाही माझ्या नावावर आहे. अप्पा बळवंत चौकात ती मागितली, तर दुकानदार मान न वळवता हात मागे घालून काढून देत. दमन म्हणजे काय, प्रक्षेपण म्हणजे काय, प्रत्येकी दोन ओळी, प्रत्येकी दोन गुण. असूया: दुसऱ्याजवळ असलेली गोष्ट आपल्याजवळ नसल्यामुळे होणारा क्लेश. पाठ करा, हमखास येतं.

त्या उन्हाळ्यात बारावीचे पेपर तपासायला बसले आणि एकाच उत्तरपत्रिकेवर सकाळी अकरापासून दुपारी दोनपर्यंत अडकले. मुलाने 'प्रेरणा' या संज्ञेचा अर्थ लिहिला होता. बरोबर लिहिला होता. पण त्याला दोन द्यावेत की एक, हे मला काही केल्या ठरवता येईना. वाचायचं, लाल पेन उचलायचं, खाली ठेवायचं. आमचे मॉडरेटर सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, व्याख्या तुमच्याच पुस्तकातली आहे. निदान स्वतःला तरी पूर्ण गुण द्या." सगळे हसले. मी पेनाचं टोपण लावलं आणि घरी आले, ती पुन्हा तपासणीला गेलेच नाही.

घरी आल्यावर मी अंघोळ करायची बंद झाले. रडू वगैरे येत नव्हतं. लोकांना वाटतं नैराश्य म्हणजे रडणं. मला रडणारी माणसं बघूनसुद्धा हेवा वाटायचा, इतकी मी आतून कोरडी पडले होते.

परीक्षा

माझा नवरा श्रीकांत मला टिळक रस्त्याजवळच्या एका गल्लीत मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. त्याच जिन्यावर वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. जिना चढताना श्रीकांत हळूच म्हणाला, "कुणी भेटलंच तर दाढ दुखतेय म्हण." मी गालावर हात ठेवला. खरंच ठेवला. तेव्हाच ओळखायला हवं होतं, की या घरात आजारापेक्षा आजाराचं नाव जड जाणार आहे.

डॉक्टर कमी बोलणारे होते. त्यांनी पाच-सहा प्रश्न विचारले आणि अनघा नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाकडे चाचणीसाठी पाठवलं. तिने कागद पुढे ठेवला आणि माझे डोळे चमकले. शंभर विधानं, प्रत्येकापुढे 'बरोबर' किंवा 'चूक'. हीच चाचणी मी दर वर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला मुलांकडून सोडवून घेत असे. तिच्यात खोटं बोलणारा पकडायला काही विधानं पेरलेली असतात. 'मी आयुष्यात कधीही खोटं बोललेलो नाही.' याला 'बरोबर' म्हणणारा हमखास सापडतो. मला ती विधानं क्रमांकासकट पाठ होती.

सामाजिक इष्टता अशी एक संज्ञा आहे. आपण जसे आहोत तसं न सांगता, लोकांना जसं आवडेल तसं सांगायची प्रवृत्ती. ती मी सतरा वर्षं फळ्यावर लिहीत आले आणि त्या दिवशी पंचवीस मिनिटांत प्रात्यक्षिक करून दाखवलं. घरी मला चहाचा कप उचलवत नव्हता, पण परीक्षा म्हटल्यावर कुठून कोण जाणे, अंगात बळ आलं. 'मला जगण्यात अर्थ वाटत नाही' या विधानापुढे मी ठळकपणे 'चूक' लिहिलं. ते विधान तेव्हा अगदी बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "चाचणीत विशेष काही नाही. तुमच्याकडे बघून मला मात्र तसं वाटत नाही. या गोळ्या घ्या आणि पंधरा दिवसांनी या." मला फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं. मी पास झाले होते. गोळ्या मी तीन दिवस घेतल्या आणि कपाटात ठेवून दिल्या. पंधरा दिवसांनी गेले नाही. हा मूर्खपणा कुणी करू नये, म्हणून मुद्दाम सांगते आहे.

कॉलेजला काय कळवायचं, हा प्रश्न श्रीकांतने परस्पर सोडवला.

"कावीळ सांगितली आहे," तो म्हणाला.

"कावीळ?"

"महिनाभराची रजा मिळते. आणि कुणी घरी येऊन जेवायला थांबत नाही."

"अहो, पण खरं सांगितलं असतं तर?"

"खरं म्हणजे काय? लोक येरवडा म्हणतील." पुण्यात एवढा एक शब्द उच्चारला, की पुढचं सांगावं लागत नाही. ऐकणारा फक्त विचारतो, तुरुंग की दुसरं?

तळमजला

सदाशिव पेठेत आम्ही एकाच इमारतीत राहतो. मोठे दीर आणि सुमनवहिनी तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. माझ्या काविळीला दहा दिवस झाले असतील नसतील, तोच वहिनी मोपेडवरून पडल्या आणि नडगीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, सहा आठवड्यांचं प्लास्टर पडलं, आणि त्या घरी आल्या त्या एखादं कार्य असावं अशा थाटात.

त्यांचं दार दिवसभर सताड उघडं. शहाळी, मोसंबी, कुणाच्या घरचं सूप, कुणाच्या घरच्या डिंकाच्या लाडवांचा डबा. मी आमच्या जिन्याच्या कठड्यावरून त्यांच्या उंबऱ्याबाहेरच्या चपला मोजायची. एका संध्याकाळी अकरा जोड भरले. आमच्या दाराबाहेर एकच जोड, तोही श्रीकांतचा. माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असला तरी शेजाऱ्याच्या चपला मोजायला उठू शकतो, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात लिहिलेलं नाही.

त्यांच्याकडे क्ष-किरणाची फिल्म होती. आलेल्याला त्या ती खिडकीसमोर धरून दाखवत, "हे बघा, इथं." आणि बघणारा "अगं बाई!" म्हणे. मला त्या फिल्मचा इतका मत्सर वाटायचा, की ती चोरावी असं एकदा मनात आलं. मलाही काहीतरी खिडकीसमोर धरायचं होतं. हे बघा, इथं.

माझ्याकडे कुणीच येत नव्हतं असं नाही. खाली येऊन गेलेल्यांपैकी एखादी भिडस्त व्यक्ती वरही डोकावे. दारातूनच माझ्या डोळ्यांतला पांढरा भाग न्याहाळी, "उतरत आली वाटतं," म्हणे आणि उसाचा रस ठेवून जाई. त्या महिन्यात मी जन्माचा रस प्यायले. तिखट बंद, तेल बंद, साळीच्या लाह्या. नसलेल्या आजाराचं पथ्य मी निष्ठेने पाळत होते आणि असलेल्या आजाराचं औषध कपाटात होतं.

श्रीकांत "पाच मिनिटं खाली जाऊन येतो" म्हणून जाई आणि तासाने येई. हसू आमच्या दारापाशी पुसून मग आत पाऊल टाकी.

"माझ्याजवळ बसायचा कंटाळा येतो का तुम्हाला?" एकदा मी विचारलं.

"तू बोलत नाहीस गं," तो म्हणाला. "काय बोलायचं ते तरी सांग, बोलतो."

त्याचं चुकीचं नव्हतं. पण मला ते काट्यासारखं रुतलं, आणि राग निघाला तो वहिनींवर. याला विस्थापन म्हणतात. संज्ञा माहीत असल्याने राग काडीइतकाही कमी होत नाही.

सगळ्यांत खोल लागलं ते मुक्ताचं. मुक्ता आमची मुलगी, अकरा वर्षांची. शाळेतून आली की दप्तर खालीच टाकायची, काकूच्या पलंगापाशी बसून अभ्यास करायची. एक दिवस स्केचपेनांचा डबा शोधत वर आली. मी विचारलं, कशाला? म्हणाली, "काकूच्या प्लास्टरवर सगळ्यांनी लिहिलंय. मीपण लिहिणार." आणि तिने खाली जाऊन जांभळ्या शाईत लिहिलं, 'काकू, लवकर बरी हो.' भोवती फुलं काढली. मला ती उत्साहाने बोलावून दाखवायला घेऊन गेली. मी बघितलं, छान आहे म्हटलं, वर आले. माझ्यावर लिहायला कुठेच जागा नव्हती. वहिनींचा दुसरा पायही मोडावा, असं त्या दुपारी मला मनापासून वाटलं.

माळ

महिना झाला तरी माझी कावीळ उतरेना, म्हणून श्रीकांतच्या आत्यांनी सूत्रं हातात घेतली. त्या शनिवार पेठेतल्या एका गृहस्थांकडून काविळीची माळ घेऊन आल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कसल्याशा वनस्पतीच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेले असतात. ती चिमुकली माळ डोक्यावर कड्यासारखी ठेवतात. दिवसागणिक ती लांबते, गळ्यात उतरते, मग छातीवर, आणि जसजशी माळ उतरते तसतशी कावीळ उतरते असं म्हणतात. काड्या सुकल्या की गाठी सैल होतात, एवढंच त्यात आहे. मी मुलांना प्लासिबो शिकवताना हेच उदाहरण देत असे.

मी श्रीकांतकडे बघितलं. त्याने सांगायला हवं होतं. तो कॅलेंडरकडे बघत उभा राहिला. मी मुकाट्याने मान खाली घातली.

चौथ्या दिवशी आत्यांनी मला तळमजल्यावर बोलावून घेतलं, कारण वहिनींना जिना चढता येत नव्हता आणि त्यांना माळ बघायची होती. तिथे नेहमीप्रमाणे सात-आठ जणं होती. मला मध्ये उभं केलं. आत्यांनी वितीने माळ मोजली आणि टाळी वाजवली. "छातीपर्यंत आली! बघा, उतरली की नाही कावीळ? चेहऱ्यावर तेज पण आलंय." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, वहिनींच्या पायाकडे नव्हे. आणि मला, लाज सोडून सांगते, छान वाटलं. क्षणभर.

मग आत्या म्हणाल्या, "आता सोमवारपासून कॉलेजात जायला हरकत नाही."

सोमवार म्हणजे परवा. साडी नेसायची, जिना उतरायचा, साठ मुलांसमोर तोंड उघडायचं. सगळ्यांच्या देखत मी बरी झाले होते आणि मला न झालेल्या आजारातून बाहेर काढून सगळे टाळ्या वाजवत होते. यापुढे पडून राहायला माझ्याकडे खोटं कारणसुद्धा उरणार नव्हतं. सोमवार उजाडायच्या आत आपण नसलो तर बरं, असं माझ्या मनात आलं. ते आधीही येऊन गेलं होतं, पण अस्पष्ट. या वेळी त्याला वार होता. मी घाबरले.

"मला कावीळ नाही," मी म्हटलं.

"उतरलीच की आता," आत्या म्हणाल्या.

"झालीच नव्हती. मला नैराश्य आहे. मला जगावंसं वाटत नाही."

मुक्ता दारात उभी होती, हे मला तेव्हाच दिसलं. श्रीकांत पांढराफटक पडला. आत्यांनी तोंडाला पदर लावला.

बोलल्या त्या वहिनी. प्लास्टरचा पाय उशीवर, आवाज नेहमीसारखाच खणखणीत. "मग महिनाभर आम्हाला उसाचा रस कशाला आणायला लावलास?" आणि उत्तराची वाट न बघता, "भाऊजी, उभे काय राहिलात? रिक्षा बोलवा. आत्ता. आणि मुक्ता, तू इकडे ये, माझ्याजवळ बस."

मला त्याच डॉक्टरांच्या रुग्णालयात दाखल केलं. रिक्षात श्रीकांतने माझा हात धरला होता आणि बरोबर वळण आलं की उगाच रिक्षावाल्याला रस्ता सांगत होता. माळ तशीच माझ्या गळ्यात होती. सिस्टरनी कात्रीने कापली.

पाच ते सहा

पहिल्या दिवशी अनघाने पुन्हा तोच कागद पुढे ठेवला. मी म्हटलं, "मागचा फाडून टाक. तो मी पेपर काढणारीच्या नजरेने सोडवला होता."

ती खाली बघून म्हणाली, "मॅडम, मला शंका आली होती. इतकं साफ उत्तर कुणाचंच येत नाही. पण तुमच्या पुस्तकावर मी बारावी झालेय, तुम्हाला कसं म्हणणार?" तिच्या कडक इस्त्रीच्या सुती ड्रेसचा, तिच्या वयाचा, तिला रात्री लागत असेल त्या झोपेचा, सगळ्याचा मला हेवा वाटला. मी तेही तिला सांगितलं. तिने ते लिहून घेतलं. आणि त्या चाचणीत मी सपशेल नापास झाले. उपचार तिथून सुरू झाले.

तिथली दिनचर्या साधी होती. सहाला चहा. सातला गोळ्या, आणि सिस्टरचं वाक्य, "तोंड उघडा, जीभ वर करा." पहिल्या दिवशी अपमान वाटला, पाचव्या दिवशी बरं वाटू लागलं, की मी गोळी गिळली का नाही याची कुणाला तरी फिकीर आहे. दहाला डॉक्टर. दुपारी अनघा, पाऊण तास. औषधाला दोन आठवडे लागतील, तोवर कसंही वाटलं तरी ठरवायचं काही नाही, एवढंच डॉक्टरांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. अकराव्या दिवशी आमटीत मीठ कमी आहे असं मला वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं. सिस्टरना एवढा आनंद झाला, की त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं.

भेटीची वेळ पाच ते सहा. श्रीकांत रोज यायचा. आता बोलायचा, म्हणजे प्रयत्न करायचा. "आज तीन नंबरची बस उशिरा आली," एवढंच बोलायचा कधी, पण माझ्याकडे बघून बोलायचा. कॉलेजला त्याने स्वतः जाऊन खरं सांगितलं. काय म्हणाले, विचारलं तर म्हणाला, "काही नाही. प्राचार्यांनी चहा मागवला, मग त्यांच्या भावाबद्दल बोलत बसले." मुक्ताला इथे आणायचं नाही असं माझंच म्हणणं होतं. बाकी कुणी येत नव्हतं. शहाळं घेऊन तर कुणीच नाही. पाच वाजले की इतरांचे नातेवाईक किती, हे मी मोजत असे. ती सवय काही गेली नव्हती.

अठराव्या दिवशी सव्वापाचला जिन्यावर ठक्‌ ठक्‌ आवाज आला. बराच वेळ येत राहिला. मग दारात सुमनवहिनी दिसल्या. दोन्ही काखांत कुबड्या, घामाघूम, हातात काही नाही.

"लिफ्ट नाही होय रे या ठिकाणी?" त्या सगळ्या वॉर्डाला उद्देशून म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

"वहिनी, तुम्ही कशाला आलात? पाय—"

"काल प्लास्टर काढलं."

त्यांनी साडी जराशी वर घेतली. पाय काठीसारखा झाला होता, पांढुरका, साल निघालेला. माझ्या मत्सराचा विषय तो हाच, सहा आठवडे.

"माझ्या पायावर तुझा डोळा होता ना?" त्या म्हणाल्या. "मला दिसायचं. कठड्यावरून चपला मोजायचीस."

मी म्हटलं, "हो."

"मोजायचीस तर नीट मोजायचंस. मी पंचवीस वर्षं त्या घरात राहते. एवढी माणसं कधी आली होती का? बाळंतपणात नाही, आई गेली तेव्हा नाही. पाय मोडला तेव्हा आली. तुझ्या दिरांनी पहिल्यांदा माझ्या उशाशी बसून पेपर वाचला. मला तर रोज भीती वाटायची, की आता प्लास्टर निघणार." त्यांनी साडी पुन्हा पायावर ओढून घेतली. "काल निघालं. आज दिवसभर दार उघडं ठेवलं होतं. कुणी आलं नाही. म्हटलं, आपणच जाऊ कुणाकडे तरी."

आणि त्या रडायला लागल्या. भर वॉर्डात, नाक ओढत, मोठ्याने. मला सुचलं एवढंच, की मी पलंगावर भिंतीकडे सरकले आणि त्यांना शेजारी ओढून घेतलं. त्यांच्या रडण्याचा मला थोडा हेवा वाटला, नाही असं नाही. मग मलाही आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

सहा वाजता सिस्टर आल्या. "वेळ संपली. नातेवाइकांनी निघा."

"या नातेवाईक नाहीत," मी म्हटलं. "पेशंट आहेत."

सिस्टरनी वहिनींकडे बघितलं, मग त्यांच्या पायाकडे. त्या गेल्या आणि पाय ठेवायला स्टूल घेऊन आल्या.